पंधरा किलोचा एक किलो : भाजी वाळवायच्या धंद्याचं गणित

गेल्या मे महिन्यात मी गच्चीवर टोमॅटो वाळवले. दोन किलो, चाळीस रुपयांचे. चकत्या केल्या, जुन्या सुती साडीवर पसरल्या, वरून मच्छरदाणीचा तुकडा टाकला आणि चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. ज्या चकत्या जरा जाड झाल्या होत्या त्यांना दुसऱ्या दिवशी बुरशीचे पांढरे ठिपके आले, त्या फेकल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेला ऐवज वजनकाट्यावर ठेवला तर भरला जेमतेम सव्वाशे ग्रॅम. आईने डबीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी तीन दिवस कावळे हाकलत बसलास?"

आईचा प्रश्न चेष्टेचा होता, पण अन्नाची नासाडी थांबवणाऱ्या स्टार्टअपला पहिल्या बैठकीत विचारावा असाच तो प्रश्न आहे. दर दोन वर्षांनी टोमॅटो रस्त्यावर ओतल्याचे व्हिडिओ फिरतात आणि त्यांच्याखाली कुणीतरी हटकून लिहितं, "अरे, वाळवून पावडर करा की!" सल्ला चुकीचा नाही. महाराष्ट्रात हे काम खरोखर करणारी आणि त्यासाठी जगभर नावाजलेली कंपनीही आहे. तरीही टोमॅटो रस्त्यावर पडतोच. असं का, ते समजून घ्यायचं तर आधी टोमॅटो रस्त्यावर का येतो ते पाहू.

## दसऱ्याच्या संध्याकाळचा झेंडू

दसऱ्याला सकाळी शंभर रुपये किलोने घेतलेला झेंडू संध्याकाळी पाच वाजता काय भावाने मिळतो, हे ज्याने दादरला पाहिलंय त्याला टोमॅटोचा बाजार वेगळा समजावून सांगायला नको. फूल तेच, विक्रेता तोच, पण उद्या त्याला कुणी विचारणार नाही. म्हणून शेवटचे ढीग मिळेल त्या भावाने जातात, नाहीतर तिथेच पडून राहतात.

टोमॅटोचा दसरा रोज असतो. पिकलेलं फळ झाडावर थांबत नाही आणि तोडलेलं फळ कॅरेटमध्ये फार दिवस टिकत नाही. त्यात गिऱ्हाईकाची गंमत अशी, की टोमॅटो स्वस्त झाला म्हणून कुणी आमटीत चार जास्त टाकत नाही. आवक थोडी वाढली की भाव थोडा नाही, धाडकन पडतो. आवक थोडी घटली की तितकाच धाडकन चढतो.

२०२३ सालच आठवा. मे महिन्यात जुन्नर-नाशिक पट्ट्यात किलोला दोन-तीन रुपये मिळत होते, जुलैत शहरांत त्याच टोमॅटोने शंभरी केव्हाच ओलांडली आणि सप्टेंबरात शेतकरी पुन्हा रस्त्यावर माल ओतत होते. किलोला तीन रुपये म्हणजे वीस किलोच्या कॅरेटला साठ. त्यात तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, तोलाई. बाजारापर्यंत नेणंच तोट्याचं असेल तर शेतातच सोडून देणं किंवा रागाने रस्त्यावर ओतणं, दोन्ही हिशेबाला धरूनच आहे.

म्हणजे टोमॅटोकडे वेळ नसतो, ही मूळ अडचण. नासाडीवरचा कुठलाही धंदा शेवटी वेळच विकतो. शीतगृह दोन-तीन आठवडे विकतं, पण त्यासाठी रोज विजेचं बिल भरावं लागतं. वाळवणारा महिने विकतो.

## पण नासाडी तर ताटात होते ना?

तीही होते. तज्ज्ञ मंडळी दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. शेतातून निघाल्यापासून दुकानात येईपर्यंत जे जातं ती काढणीनंतरची हानी. दुकान, हॉटेल आणि घरात जे जातं ती नासाडी. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ साली जगात दुकान, हॉटेल आणि घर मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतलं होतं. भारतातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो.

हा आकडा ऐकला की प्रत्येक मराठी घरातून एकच आवाज येतो : आमच्याकडे नाही हो, आम्ही रात्रीच्या पोळीचा सकाळी कुस्करा करतो. खरं आहे. या ५५ किलोंत केळ्याची साल, शेंगांची टरफलं, कोयी असं न खाण्याजोगंही धरलेलं असतं. तेव्हा सगळा दोष ताटावर ढकलू नका.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे शेत ते दुकान या वाटेवरचा, आपल्याकडचा पक्का अभ्यास लुधियानाच्या काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेचा आहे. २०१५ च्या त्यांच्या अहवालात टोमॅटोची हानी १२.४४ टक्के, कांद्याची ८.२० टक्के आणि पेरूची तर १५.८८ टक्के निघाली. सगळ्या शेतमालाच्या हानीची मिळून किंमत, २०१४ च्या घाऊक भावांनी, ९२,६५१ कोटी रुपये. गच्चीवरच्या माझ्या प्रयोगातही पाव हिस्सा चकत्या बुरशीने नेल्या होत्या, तेव्हा या टक्क्यांना नाक मुरडायला माझ्याकडे जागा नाही.

आता लग्नातल्या उरलेल्या जेवणाचं ॲप. स्टार्टअप स्पर्धेत दरवर्षी कुणीतरी ते घेऊन येतंच. डेन्मार्कच्या 'टू गुड टू गो'ने असाच काहीसा धंदा यशस्वी केला. बेकऱ्या आणि दुकानांचा दिवसअखेरचा उरलेला माल एका पिशवीत भरून सुमारे एक तृतीयांश किमतीत द्यायचा, पिशवीत काय आहे ते आधी सांगायचं नाही. पण तिथली खुबी बघा : माल बहुतेक पावाचा, म्हणजे उद्यापर्यंत टिकणारा. उरणार किती याचा रोजचा अंदाज दुकानाला असतो, आणि गिऱ्हाईक स्वतः चालत येऊन पिशवी नेतं. आपल्या मांडवातली बासुंदी रात्री अकराला उरते, किती उरेल ते साडेदहापर्यंत कुणाला ठाऊक नसतं, आणि ती पोचवायला टेम्पो कुणीतरी पाठवावा लागतो. ते पुण्यकर्म म्हणून जरूर करावं, करणारे करतातही. त्यातून धंदा उभा राहणं मला कठीण दिसतं.

## सांडगे टिकतात ते कशामुळे

वाळवण आपल्याला नवं नाही. कुरडया, सांडगे, आमसुलं, मिरच्या, सुकट, या सगळ्यांमागचं शास्त्र एकच आहे, आणि ते 'पाणी काढलं की टिकतं' याच्यापेक्षा जरा सूक्ष्म आहे.

गुलाबजामच्या पाकात पाणी असतं, तरी तो दिवसचे दिवस नासत नाही. मधातही पाणी असतं. कारण ते साखरेने धरून ठेवलेलं असतं, जंतूंच्या वाट्याला येत नाही. लोणच्यात मीठ तेच करतं. तेव्हा पाणी किती आहे यापेक्षा मोकळं पाणी किती आहे, हे महत्त्वाचं. ते मोजायला शून्य ते एक अशी पट्टी असते, तिला पाण्याची सक्रियता म्हणतात. ताजी भाजी या पट्टीवर जवळजवळ एकला टेकलेली असते. ०.९ च्या खाली बहुतेक जीवाणू वाढत नाहीत, ०.७ च्या खाली बहुतेक बुरश्या हात टेकतात आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. वाळवणाऱ्याचं सगळं काम म्हणजे माल या ०.६ च्या पायरीखाली उतरवणं आणि नंतर तो पुन्हा ओल ओढणार नाही अशा पिशवीत बंद करणं.

यात दोन चुका नेहमी होतात. उष्णता कमी पडली तर वाळायच्या आधीच बुरशी धरते, तेच माझ्या जाड चकत्यांचं झालं. उष्णता एकदम जास्त दिली तर वरचा थर आधी सुकून कवच धरतो आणि आतलं पाणी आतच कोंडलं जातं. वरून कडक, आतून ओला असा सांडगा तुमच्याही डब्यात कधीतरी निघाला असेल. म्हणून चांगल्या ड्रायरचा भर तापमान एका पट्ट्यात धरण्यावर आणि हवा खेळती ठेवण्यावर असतो. नुसतं तापवायला पत्रा पुरतो.

## उन्हाचं बिल

आता थोडी आकडेमोड, पाढ्यांच्या पलीकडे जाणार नाही.

टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणी. शंभर किलोंत घन पदार्थ सहा किलो. वाळलेल्या मालात दहा टक्के ओल ठेवली तर हाती येतात पावणेसात किलोच्या आसपास, म्हणजे ९३ किलो पाणी हवेत उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट ऊर्जा लागते. ९३ किलोंना साठेक युनिट. यंत्राने एक कणही उष्णता वाया घालवली नाही असं धरलं (प्रत्यक्षात बरीच जाते) आणि वीज आठ रुपये युनिट मानली, तरी पावणेसात किलो मालामागे ४८० रुपयांची वीज झाली. किलोला सत्तरच्या वर. एवढं नुसतं पाणी उडवायला.

ऊन फुकट असतं. निरभ्र दिवशी महाराष्ट्रात एका चौरस मीटरवर ढोबळमानाने पाच युनिट इतकी ऊर्जा पडते. त्यातली चाळीस टक्के जरी कामी आली तरी तीन किलो पाणी उडतं. शंभर किलो टोमॅटो एका दिवसात वाळवायचे तर सव्वातीनशे चौरस फूट ऊन झेलणारं यंत्र लागेल. शंभर कॅरेटची एक पिकअप गाडी एका दिवसात वाळवायची तर साडेसहा हजार चौरस फूट.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ऊन फुकट असलं तरी ते पातळ पसरलेलं असतं आणि गोळा करायला जागा लागते. ती जागा एका कारखान्याच्या छतावर मिळणं अवघड. गावातल्या दोनशे अंगणांत मात्र सहज मिळते.

## अंगणातला कारखाना

नेमकं हेच माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी ओळखलं. वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हावर चालणारा ड्रायर बनवला. त्यात हवा तापतेच, शिवाय माल ज्या धातूच्या पृष्ठभागावर ठेवायचा तोही तापतो. तव्यावरच्या भाकरीला जशी खालून उष्णता मिळते तशी भाजीला मिळते आणि नुसत्या गरम हवेपेक्षा काम लवकर उरकतं. वीज लागत नाही. पुढे या मंडळींची 'एस फोर एस टेक्नॉलॉजीज' ही कंपनी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंगापूरला तिला 'कचरामुक्त जग' या गटातलं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. ब्रिटनच्या राजपुत्र विल्यमने सुरू केलेलं हे पारितोषिक दहा लाख पौंडांचं आहे.

बातम्यांत ड्रायरचे फोटो आले. माझ्या मते खरी कल्पकता ड्रायरमध्ये कमी आणि व्यवहाराच्या रचनेत जास्त आहे. ड्रायर विकून मोकळं होणाऱ्या कंपन्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या. सरकारी अनुदानातून आलेले, आता कोंबड्या बसतात असे ड्रायर मी स्वतः पाहिलेत. कारण यंत्र घेतलेल्या बाईने टोमॅटो वाळवले, तरी ती ते कुणाला विकणार? आठवडी बाजारात वाळलेल्या टोमॅटोला गिऱ्हाईक नाही.

एस फोर एसने साखळी उलटी बांधली. आधी घेणारा शोधायचा, म्हणजे मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करणारी ठिकाणं आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्या. मग शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा, त्यात आकाराने वेडावाकडा किंवा बाजारात दुय्यम ठरणाराही. तो गावातल्या बायकांकडे पोचवायचा. त्या कर्ज काढून ड्रायर घेतात, कापून-वाळवून देतात आणि त्याचे पैसे मिळवतात. वाळलेला माल कंपनी परत उचलते, पुढची प्रक्रिया करते आणि विकते. मराठवाड्यातल्या ज्या बाईच्या नावावर जमीन नसते, ती या साखळीत उद्योजक म्हणून येते आणि बाजारभावाची जोखीम तिच्या डोक्यावर बसत नाही. सूतगिरणी आणि घरच्या चरख्याच्या मधलं काहीतरी म्हणा.

## तासगावचा बेदाणा आणि नारायणगावचा टोमॅटो

आता पुन्हा माझ्या सव्वाशे ग्रॅमकडे. शंभर किलोंचे पावणेसात म्हणजे एक किलो वाळलेल्या टोमॅटोला पंधरा किलो ओला टोमॅटो. या एका प्रमाणावर हा सगळा धंदा तरतो किंवा बुडतो.

ओला टोमॅटो पाच रुपये असेल तर एक किलो सुक्यामागे ७५ रुपयांचा माल. वीस रुपये झाला तर ३००. बाजारात भाव एका रुपयाने हलला की वाळवणाऱ्याचा खर्च पंधरा रुपयांनी हलतो. इतका हेलकावा खाणाऱ्या मालावर वर्षभराच्या भावाचा करार करायला छाती लागते.

आता सांगली जिल्ह्यातल्या तासगावला चला. बेदाण्याची द्राक्षं साखर चांगली भरल्याशिवाय तोडत नाहीत. तिथला शेतकरी ब्रिक्स हा शब्द घरच्या शब्दासारखा वापरतो. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेसारख्या विरघळलेल्या पदार्थांचं शेकडा प्रमाण, आणि बेदाण्याला ते बावीसच्या पुढे हवं असतं. म्हणजे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर मोडतो, आणि शेडमध्ये जाळीच्या रॅकवर सावलीत पंधरवडाभर ठेवायचे. ना मोठं यंत्र, ना वीज. पाणी कमी उडवायचं, आणि जे हाती येतं त्याला खिरीपासून प्रसादापर्यंत गिऱ्हाईक. सांगलीचा बेदाणा भौगोलिक मानांकनापर्यंत पोचला आणि टोमॅटोची मोठी बाजारपेठ असलेल्या नारायणगावची टोमॅटो पावडर कुणी ऐकली नाही, याचं मोठं कारण चार आणि पंधरा या दोन आकड्यांत आहे.

कांदा मधे कुठेतरी येतो. म्हणूनच गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातलं महुवा पांढऱ्या कांद्याच्या निर्जलीकरणाचं गाव झालं आणि जळगावात जैन उद्योगसमूहाने शेतकऱ्यांशी करार करून जास्त घन पदार्थ असलेला पांढरा कांदा लावून घेतला. त्यांनी आधी बियाण्यातच पाणी कमी केलं, मग उरलेलं यंत्राने काढलं. त्यांचा धंदा बाजारात उरलेल्या, खायच्या जातीच्या लाल कांद्यावर उभा नाही.

## "वाया जाणारा माल तर फुकटच मिळेल!"

स्टार्टअपच्या सादरीकरणात हे वाक्य हमखास असतं आणि सगळ्यांत घातकही तेच. रस्त्यावर पडलेला टोमॅटो फुकट असतो, कारण तो कुणाला नको असतो. ज्या दिवशी तुम्ही टेम्पो घेऊन रोज यायला लागता त्या दिवसापासून तो कुणालातरी हवा असतो, आणि त्याला भाव येतो. भंगाराचं हेच झालं, उसाच्या चिपाडाचं हेच झालं, शेणाचं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण ज्या कंपनीचा ताळेबंद फुकट मालावर उभा आहे ती आपल्याच यशाने बुडते.

शिवाय फुकट माल दुपारी चारच्या उन्हात फुटलेला असतो. त्यातून लालबुंद, एकसारखी पावडर निघत नाही.

## "पण वाळलेलं खातं कोण?"

तुम्ही. काल संध्याकाळी वेफर्सवर जी आंबट-तिखट भुकटी होती तिची मागची बाजू वाचा : कांदा पावडर, लसूण पावडर, टोमॅटो पावडर. नूडल्सचा मसाला, सूपचं पाकीट, कँटीनमधली तयार ग्रेव्ही, सगळीकडे तेच. घरातल्या गृहिणीला वाळलेला कांदा विकायला जाल तर ती हसेल. तीनशे माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला मात्र कांदा सोलणारे चार हात वाचतात.

मोठ्या गिऱ्हाईकाची अडचण वेगळी. त्याला दहा टन एकाच रंगाचा माल लागतो, आणि पैसे तो सावकाश देतो. दहा टन सुका टोमॅटो म्हणजे दीडशे टन ओला. पाच रुपयांनीसुद्धा साडेसात लाख, तेही शेतकऱ्याला रोख मोजायचे. मग वाळवणं, साठवणं, पोचवणं, आणि त्यानंतर बिलाची वाट पाहणं. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, आणि उशीर केला तर तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात दाखवता येणार नाही अशी मेख २०२४ पासून मारली आहे. तरी बिलामागे फोन करत बसणारा पुरवठादार तुमच्या ओळखीत एक तरी असेलच. मधल्या काळात धंदा जिवंत ठेवणाऱ्या या रकमेला खेळतं भांडवल म्हणतात. असे उद्योग उन्हाअभावी बंद पडत नाहीत, बहुतेक या भांडवलाअभावी पडतात. केंद्राने २०२० मध्ये आणलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीला ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान ठेवलं. त्याने यंत्र येतं, बिल वसूल होत नाही.

## "सगळं सत्त्व उडून जात असेल ना?"

सगळं नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने बरंच घटतं, हे खरं. चोथा आणि खनिजं कुठे जात नाहीत, टोमॅटोचा लाल रंग देणारं लायकोपीनही बऱ्यापैकी तग धरतं. तुलना ताज्या टोमॅटोशी केली तर वाळलेला हरेल. रस्त्यावरच्या टोमॅटोशी केली तर नाही.

## मग रस्त्यावरचा टोमॅटो थांबेल का?

गावागावांत मिळून हजार ड्रायर आहेत आणि प्रत्येकात रोज पन्नास किलो ओला माल जातो, असं धरू. पन्नास टन, म्हणजे अडीच हजार कॅरेट. भर हंगामात एकट्या नारायणगावच्या बाजारात एका दिवसात याच्या कितीतरी पट उतरतात. भाव कोसळतो तेव्हाचा पूर या चमच्याने उपसून होणार नाही, आणि तसं सांगणारा माणूस एक तर आकडेमोड करत नाही किंवा गुंतवणूकदारासमोर उभा आहे.

मग उपयोग काय? एक तर, वर्षभर ठरलेल्या भावाने दुय्यम माल घेणारा माणूस गावात असणं. पहिल्या प्रतीचा माल बाजारात, डागी माल ड्रायरला, अशी वाटणी झाली की बाजारात जाणारा ढीगही थोडा कमी होतो. आणि वर सांगितलंच, की आवक थोडी हलली तरी भाव खूप हलतो. ती गंमत उलट्या बाजूनेही चालते. दुसरं, अंगणातली रोजची मजुरी. ती टोमॅटोच्या भावावर अवलंबून नाही, फक्त ड्रायर रिकामा नसण्यावर आहे.

पावसाळ्याचं काय, हे कुणीतरी विचारणारच. जून ते सप्टेंबर ऊन नाही, हवेत ओल, आणि त्याच दिवसांत बऱ्याचदा टोमॅटो महागलेला. म्हणजे ऊनही नाही आणि कच्चा मालही नाही. त्यावर शेगडीची किंवा विजेची जोड देता येते, पण वर काढलेलं बिल आठवा. त्यापेक्षा शहाणी वाट म्हणजे पिकांचं वेळापत्रक. कांदा, आलं, गाजर, बीट, हळद, शेवग्याचा पाला, कढीपत्ता, एकामागून एक असं लावून घ्यायचं, की एखादं पीक शंभरीवर गेलं तरी यंत्र अडून बसणार नाही. ज्याचं यंत्र फक्त टोमॅटोचं, तो जुलैत घरी बसतो.

म्हणून कुणी भाजी वाळवायच्या स्टार्टअपची कल्पना घेऊन आलं की मी ड्रायरचं तापमान विचारत नाही. विचारतो ते एवढंच : टोमॅटो शंभर रुपयांवर गेला त्या आठवड्यात तुमच्या जाळीवर काय होतं? गेल्या वर्षी एका गावात अंगणातल्या ड्रायरसमोर उभं राहून हाच प्रश्न तिथल्या मावशींना विचारला होता. त्यांनी झाकण उचलून दाखवलं. आत हिरवागार शेवग्याचा पाला होता, बोटांत धरला तर चुरा होणारा. "टोमॅटो? एवढ्या महागाचा?" त्या म्हणाल्या, "तो तर आम्ही भाजीतसुद्धा घालत नाही सध्या."